सायाळीचा मुजरा

एका जंगलात, बाळांनो, पूर्वी फार मारामाऱ्या होत. पाण्यावरून होत, सावलीवरून होत, कुणी कुणाकडे कसं बघितलं यावरूनही होत. मग शेजारच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला, प्राण्यांच्या हाती मोबाइल आले आणि जंगल सुधारलं.

प्राण्यांकडे मोबाइल आले कुठून, असं विचारू नका. तुमच्या हातात कुठून आला ते आधी सांगा.

त्या मोबाइलवर 'महारण' नावाचा गेम होता. त्यात प्रत्येकानं आपलं एक सोंग बनवायचं, त्याला नाव द्यायचं, तलवार द्यायची आणि दुसऱ्यांच्या सोंगांशी लढायचं. ससा त्यात सेनापती होता. सिंह जखमा बांधणारा वैद्य झाला होता आणि काम फार मन लावून करत होता. बिबट्यानं आपल्या सोंगाचं नाव 'महासिंह' ठेवलं होतं. खरा सिंह तिथं त्याला 'महाराज' म्हणायचा.

एके दिवशी सभा भरली आणि ठरलं की यापुढे कुणाचं कुणाशी वाजलं तर गेममध्येच लढून निकाल लावायचा. हरेल त्यानं खरोखर बाजूला व्हायचं. दात नाहीत, नखं नाहीत, रक्त नाही.

"केवढी ही संस्कृती!" कोल्हा म्हणाला आणि त्यानं शेपटीनं डोळे पुसले.

भूक लागली की वाघ हरणाला खातच होता. पण त्याला जेवण म्हणत, लढाई नव्हे.

कोल्हेसाहेब लगेच शिष्टाचार समितीचे अध्यक्ष झाले. कुणी केलं? बाळांनो, अध्यक्षांना कुणी करत नसतं. ते खुर्चीशेजारी उभे असतात आणि खुर्ची रिकामी दिसली की दमतात.

त्यांनी लढाईच्या रीती सांगितल्या. वार करण्याआधी मुजरा करायचा. समोरच्याचा मुजरा होईपर्यंत तलवार उचलायची नाही. लढता लढता कुणी 'थांबा' म्हटलं तर त्याच्यावर वार करायचा नाही. बिचाऱ्याला घरून हाक आली असेल, चार्जिंग उतरलं असेल, कुणाची काय अडचण असेल! मेलेल्याच्या अंगावर नाचायचं नाही. आणि आपण मेलो तर रडारड न करता 'छान लढत झाली' असं लिहायचं.

"आणि मंडळी," कोल्हेसाहेब म्हणाले, "गेमच्या बाहेरही जरा वळण ठेवा. गुरगुरणं, फिस्कारणं, काटे उभे करणं, हे फार जुनाट दिसतं."

शेवटचं बोलताना त्यांनी सायाळीकडे पाहिलं. सायाळ ओशाळली.

ही सायाळ तळ्याकाठच्या उंबराखाली बिळात राहायची. बीळ तिनं स्वतः उकरलं होतं, मुळांच्या आतपर्यंत, आणि आत तिची दोन पिल्लं होती. अजून त्यांचे काटे मऊ होते. सायाळीच्या अंगावर मात्र हातभर लांब काळे-पांढरे काटे होते. त्यापायी जन्मात तिला कुणी मिठी मारली नव्हती. लग्नात नवऱ्यानंसुद्धा हार लांबूनच फेकला होता.

म्हणून गेममध्ये तिनं सोंग घेतलं एका राजकन्येचं. नाव ठेवलं 'रेशमी'. गुडघ्यापर्यंत केस, मऊ, भुरभुरणारे. सायाळ रोज तिचे केस विंचरायची. गेममध्ये त्यासाठी वेगळं बटण होतं. आणि रेशमी लढायचीही झकास. रीत सोडून कधी तिनं तलवार उचलली नाही.

कोल्हेसाहेबांच्या भाषणानंतर तिनं आणखी एक केलं. तळ्यातला चिखल घेऊन पाठीवरचे काटे चापूनचोपून बसवले.

शेजारची मुंगसीण बघतच राहिली. "अगं बाई, हे काय सोंग?"

"बरं दिसतं."

"सारवलेल्या चुलीसारखी दिसतेस."

"तुला नाही कळायचं. सभ्य दिसतं."

"सभ्य?" मुंगसीण फिसकन हसली. "परवा सापाला मी मुजरा करून मारला असता, तर आज तू माझ्या दहाव्याला आली असतीस."

मुंगसीण गेम खेळत नसे. तिला साप मारायचे असत.

आता झालं असं की त्या जंगलात रेंज सगळ्यात चांगली यायची ती नेमकी उंबराखाली. इतर ठिकाणी सोंगं अडखळत चालायची. उंबराखाली बसलं की तलवार कशी सपकन फिरायची! बिबटेरावांना हे कळलं. ते आपला दोस्त तरस याला घेऊन बिळाच्या तोंडाशी आले.

"सायाळबाई, ही जागा आम्हाला हवी आहे."

"अहो बिबटेराव, माझी पिल्लं आहेत आत."

"पिल्लांना काय, कुठंही रेंज चालते," तरस म्हणाला आणि हसला. तरसाला स्वतःचं बोलणं फार आवडायचं.

"उगाच वाद नको," बिबटेराव म्हणाले. "आपण सुधारलेले प्राणी. महारणात या. जिंकलात तर जागा तुमची. हरलात तर संध्याकाळपर्यंत बीळ मोकळं करा."

जागा आधीपासून तिचीच होती. ती जिंकून तिला काय मिळणार होतं? एवढा साधा हिशेब सायाळीला सुचला नाही. ती म्हणाली, "रीतीप्रमाणे होईल ना सगळं?"

"कोल्हेसाहेब स्वतः पंच आहेत," बिबटेराव म्हणाले.

मग तिला धीर आला. बघा, असला धीर येतो!

दुपारी सगळं जंगल आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं. सायाळीनं पिल्लांना मुळांमागं बसवलं आणि गेम उघडला. समोर महासिंह उभा. रेशमीनं मुजरा केला. महासिंहानं जांभई दिली.

"पंच, त्यांनी मुजरा केला नाही," सायाळीनं लिहिलं.

"मान हलली ना त्यांची," कोल्हेसाहेबांनी लिहिलं. "मोठ्यांचा मुजरा तेवढाच असतो."

लढाई सुरू झाली. आणि बाळांनो, रेशमी अशी लढली की झाडावरची माकडं शेंगा खायची थांबली. महासिंह नुसत्या अंगानं मोठा. वार करायचा तो हवेत. रेशमीनं त्याची ढाल फोडली, मुकुट उडवला. तो गुडघ्यावर आला. आता एकच वार!

"थांबा!" महासिंहानं लिहिलं. "आई हाक मारतेय."

बिबट्याची आई कधीच वारली होती. सगळं जंगल तिच्या दिवसांना जेवून आलं होतं. पण रीत म्हणजे रीत. रेशमी थांबली. तलवार खाली घेऊन उभी राहिली, केस वाऱ्यावर भुरभुरत होते.

तेवढ्यात तरसाच्या सोंगानं महासिंहाला औषधाची कुपी दिली. महासिंह सावकाश प्यायला. जखमा भरल्या. नवी ढाल आली.

"पंच!" सायाळीनं लिहिलं.

"आजाऱ्याला औषध द्यायचं नाही का?" कोल्हेसाहेबांनी उलट विचारलं. "माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

जंगलात माणुसकी नव्हती, हे खरं. पण शब्द भारी होता. रेशमीनं पुन्हा तलवार उचलली.

पुन्हा लढाई. पुन्हा महासिंह गुडघ्यावर. पुन्हा "थांबा! चार्जिंग उतरलं!" पुन्हा कुपी. सायाळीचे पंजे दुखायला लागले. मागं पिल्लं भुकेनं कुरकुरत होती. पण रेशमीनं तलवार धरूनच ठेवली होती, आणि तिनं परत त्याला कोपऱ्यात रेटलं.

"थांबा!" महासिंहानं लिहिलं.

रेशमीनं तलवार खाली घेतली. आणि त्याच क्षणी महासिंहानं तिच्या पोटात आपली तलवार खुपसली.

रेशमी कोसळली. केस धुळीत पसरले.

"पंच! त्यांनी 'थांबा' म्हणून वार केला!"

कोल्हेसाहेबांनी जरा वेळ घेतला. विचार करतोय असं दाखवायला तेवढा लागतोच. मग त्यांनी लिहिलं, "थांबा म्हणणाऱ्यावर वार करू नये, असा नियम आहे. थांबा म्हणणाऱ्यानं वार करू नये, असा नियम कुठं आहे?"

सगळ्या जंगलानं माना डोलावल्या. केवढा सूक्ष्म विचार!

महासिंह रेशमीच्या अंगावर चढला आणि उड्या मारू लागला.

"ते नाचताहेत," सायाळीनं लिहिलं.

"पाय मोकळे करताहेत. सायाळबाई, रडारड नको. काय लिहायचं असतं?"

सायाळीनं लिहिलं, 'छान लढत झाली.' ते लिहिताना तिला दोनदा खोडावं लागलं.

ऊन कलायला लागलं. सायाळ बिळाबाहेर येऊन बसली. कुठं जायचं? ओढ्यापलीकडे खडक. खडकात बीळ होत नाही. माळावर कोल्हेसाहेबांचे नातेवाईक. आणि पिल्लांचे काटे अजून मऊ.

मुंगसीण आली. "झालं तुझं सभ्य?"

"हरले गं."

"तू कुठं हरलीस? ती केसांची बाहुली हरली. तुला कुणी शिवलं तरी का?"

सायाळीनं मागं वळून पिल्लांकडे पाहिलं.

"तुझ्या पाठीवर काय आहे ते आठवतं का? की सारवता सारवता विसरलीस?"

"पण रीत..."

"रीत त्यांना पाठ आहे, तुला नाही. तुला वाटतं रीत म्हणजे काय करू नये ते. त्यांना ती कुठं संपते ते ठाऊक आहे." एवढं बोलून मुंगसीण सापामागं निघून गेली. तिला वेळ नव्हता.

सायाळ उठली. तळ्यात गेली. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून पाठ धुतली. मग उन्हात येऊन अंग झाडलं. पाठीवर खुळखुळ असा आवाज झाला. कितीतरी दिवसांनी झाला. मुळांमागची पिल्लं आनंदानं चिरकली.

तेवढ्यात बिबटेराव आलेच. मागं तरस, त्याच्या मागं कोल्हेसाहेब आणि निम्मं जंगल. बिबटेरावांचं डोकं मोबाइलमध्ये होतं. रेंज कुठं वाढते ते बघत बघत ते पुढं येत होते.

"वाढली! आणखी वाढली!" ते म्हणत होते.

"या बिबटेराव," सायाळ म्हणाली. "आत जाण्याआधी मुजरा करते."

"लढत संपली की," बिबटेराव वर न बघता म्हणाले.

"तरी रीत आहे."

"करा, करा. संस्कार चांगले आहेत तुमचे."

सायाळीनं बिबट्याकडे पाठ केली. पुढचे पाय टेकले, डोकं अगदी जमिनीला लावलं. असा खोल मुजरा त्या जंगलात कुणी कधी केला नव्हता. डोकं खाली गेलं तशी पाठ वर आली, आणि पाठीवरचे काटे एकदम उभे राहिले. मग मुजरा तसाच ठेवून ती दोन पावलं मागं सरकली.

"पूर्ण रेंज!" बिबटेराव म्हणाले. ते त्यांचं शेवटचं धड वाक्य.

मोबाइल चिखलात पडला. बिबट्याच्या नाकात, ओठात, पंजात काटे. "थांबा!" तो ओरडला. "थांबा! थांबा!"

"थांबले की," सायाळ म्हणाली. "हलतसुद्धा नाही, बघा."

आणि खरंच ती हलली नाही. हलला तो बिबट्या, आणि हलला तसे काटे आणखी आत गेले.

"हा काय मुजरा झाला?" कोल्हेसाहेब लांबून ओरडले.

सायाळीनं मान वळवून बघितलं. "पाठीनं मुजरा करू नये, असा नियम कुठं आहे?"

कोल्हेसाहेबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला.

"नाही," ते म्हणाले. "तत्त्वतः नाही."

तरस हसला. पण या वेळी कुणाला हसला ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही.

सिंह धावत आला. त्यानं मोबाइल काढला, महासिंहाच्या नाकाला व्यवस्थित पट्टी बांधली आणि म्हणाला, "आता बरं वाटेल."

बिबट्या नाक धरून निघाला. त्याला अडवून सायाळ म्हणाली, "बिबटेराव, काय म्हणायचं असतं?"

"छाद लढत झाली," बिबट्या म्हणाला.

बाळांनो, गोष्ट इथं संपली असती तर फार बरं झालं असतं. पण कोल्हेसाहेबांनी त्याच संध्याकाळी समिती बोलावली. सायाळीचा मुजरा हाच खरा प्राचीन मुजरा आहे, असं त्यांना आढळून आलं. डोळे पुसून त्यांनी अध्यक्षपद तिच्या पायाशी ठेवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले.

सायाळीनं नव्या रीती सांगितल्या. उंबराजवळून जाताना प्रत्येकानं मुजरा करायचा. तोंडानं. सायाळ 'थांब' म्हणाली की थांबायचं. ससा एकदा रेंज मागायला गेला होता. ती 'थांब' म्हणाली. तो अजून तिथं उभा आहे. सगळं जंगल इतकं सभ्य झालं की दुसऱ्या जंगलांतले लोक बघायला येऊ लागले.

एका सकाळी मुंगसीण नेहमीसारखी गप्पा मारायला आली आणि उंबराखाली टेकणार, तोच सायाळ म्हणाली, "आधी मुजरा."

"अगं, मी आहे! मुंगसीण!"

"ओळखलं. पण रीत म्हणजे रीत." आणि पाठीवर जरासं खुळखुळलं.

मुंगसीण तिच्याकडे बघत राहिली. मग आली तशी परत गेली.

सायाळीनं मोबाइल उघडला आणि रेशमीचे केस विंचरायला घेतले.

तात्पर्य: बाळांनो, थोरामोठ्यांना नेहमी वाकून नमस्कार करत जा. थोरमोठं कोण हे ओळखायला त्यांचं वय, विद्या, गुण असलं काही बघत बसू नका. नुसती पाठ बघा.