पास झालेला ठोकळा

बुधवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत नालीवर टाकलेला स्लॅब नवव्या दिवशी खचला. मालूबाई केळ्यांचा गाडा घेऊन नेमक्या त्यावर होत्या. केळी वाचली, बाईंचा पाय मोडला. कचेरीत नोंद झाली : ‘स्लॅब अंशतः कार्यरत.’

हा स्लॅब पाडलेल्या घरांचा मलबा दळून केलेला. कल्पना वाईट नव्हती. ओव्हरसियर सुधाकर घसा कोरडा करून सांगत होता, “साहेब, लोक मलब्यात घरचा सगळा कचरा कोंबतात. तो निवडा, प्लास्टर काढा, गिट्टी धुवा. वरून दहा-बारा दिवस ओलं गोणपाट ठेवा. मग बघा.”

“आधी टेस्टिंग होऊ दे,” इंजिनियर निरंजनसाहेब म्हणाले.

स्लॅबच्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा यंत्रात दाबला, तर पापडासारखा मोडला. वरून आदेश आला : ठोकळ्यांची गुणवत्ता तातडीने सुधारावी. साहेब आदेशाबाहेर पाऊल टाकणारे नव्हेत. त्यांनी ठोकळेच सुधारले. त्यांच्यासाठी खाणीतली नवी गिट्टी आली. अठ्ठावीस दिवस ठोकळे साहेबांच्या बंगल्यातल्या टाकीत मुक्कामाला होते, आणि प्रतिभावहिनी जातीने पाणी बदलत होत्या. नवा स्लॅब मात्र त्याच मलब्याचा. फोटोत गोणपाट बरं दिसत नाही म्हणून उद्घाटनाला दुसऱ्याच दिवशी उघडा केला. धन्य ती अक्कल!

ठोकळे अव्वल नंबरात पास झाले. दोन महिन्यांनी लंगडत आलेल्या मालूबाईंना साहेबांनी प्रमाणपत्र दाखवलं.

“बिनधास्त जा मावशी, पास झालाय.”

“कोण पास झालं?”

“ठोकळा.”

“मग तोच टाका ना नालीवर. स्लॅब ठेवा तुमच्या टाकीत.”

“तो सरकारी नमुना आहे. त्यावर पाय देता येत नाही.”

पोटाला सुट्टी नसते. मालूबाई गाडा घेऊन निघाल्या आणि दुसरा पायही गेला. आता गाडा कायमचा भिंतीला टेकलाय.

चौकशी बसली. तुटलेल्या स्लॅबमधून प्लास्टर निघालं, चपला निघाल्या, गादीचा कापूस निघाला आणि एक गुलाबी टाइल. सुधाकर ती टाइल घेऊन गल्लीतल्या एकेकाकडे बघत होता. “या लोकांना लाजच नाही,” मी मोठ्याने म्हणालो आणि घरात आलो. आमचं नवं बाथरूम पांढरं आहे. जुनं गुलाबी होतं. गादीही आमचीच.

हसताय? हसा की. तुमचा जुना ओटा फोडला, तेव्हा मलब्याच्या गोणीत आणखी काय काय कोंबलंत, तेवढं आठवा. आणि उद्या नालीवरून जाताना जरा जपून.