एकशे चव्वेचाळीस चिठ्ठ्या

“आधी आराखडा, मग चित्रं!” हे माझं आवडतं वाक्य. ऑफिसात मी ते दिवसातून निदान चारदा म्हणतो, आणि ते ऐकून लोक निदान चारदा चहाला उठतात.

माझं काम मोबाइल अ‍ॅपचे आराखडे करण्याचं. अ‍ॅपमध्ये काय काय हवं, कशाच्या पोटात काय घालायचं, कुठून कुठे जायचं, हे आधी ठरवायचं. रंग आणि बटणं नंतर. आमच्या ऑफिसातल्या एकाचं मात्र उलटं! काम सांगायचा अवकाश, की गडी गोल कोपऱ्यांची निळी बटणं काढायला बसतो. त्याला सगळे रंगारीच म्हणतात.

या वेळचं काम मोठं होतं. एका हॉस्पिटलचं अ‍ॅप! साहेबांनी मला बजावलं, “गुरुवारी त्यांनी तुमचा आराखडा पास केला तर ठीक. नाहीतर काम रंगाऱ्याकडे, आणि तुम्ही त्याच्या हाताखाली!”

“साहेब, एक गोष्ट सुटली तर नाव बदलीन!”

मग मी अ‍ॅपमधली एकेक गोष्ट एकेका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिली आणि घरी हॉलच्या भिंतीवर चिकटवली. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची आठवण, अँब्युलन्स, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा... एकशे चव्वेचाळीस चिठ्ठ्या! आठ दिवस मी त्या इकडून तिकडे हलवत होतो. “ही इथे का?” असं बायकोने एकदाच विचारलं. मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यानंतर तिने विचारलं नाही.

नेमकी त्याच आठवड्यात माझी आत्या राहायला आली. सोबत एक जाडजूड कादंबरी होती. ती घेऊन आत्या भिंतीलगतच्या सोफ्यावर जी बसली, ती जेवायलाच काय ती उठायची.

“काय रे, भिंतीला ओल आलीय का? एवढे कागद का चिकटवलेत?”

“आत्या, हा आराखडा आहे.”

“बरं बरं. एकदा रंग देऊन घे.”

म्हणजे घरातही रंगाऱ्याचाच पक्ष!

बुधवारी संध्याकाळी मी साहेबांशी फोनवर बोलत असताना बायको समोर येऊन उभी राहिली. तिने भिंतीकडे बोट दाखवलं, डोळ्यांनी आत्याकडे खूण केली, पुन्हा भिंतीकडे बोट. मला ओ की ठो कळेना. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने फणकाऱ्याने माझा चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि काहीतरी लिहायला घेतलं. मी पाठ फिरवून बोलत राहिलो.

फोन ठेवून मी चिठ्ठ्या मोजल्या. बरोबर एकशे चव्वेचाळीस! वाचायची गरजच काय, सगळ्या तोंडपाठ होत्या. फोटो काढून रंगाऱ्याला पाठवला आणि दम दिला, “मोठ्या कागदावर जसंच्या तसं उतरव. डोकं चालवायचं नाही!”

बिचाऱ्याने चालवलं नाही.

गुरुवारी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची चार माणसं आली. मी ऐटीत कागद उलगडला. “बघा! कुठे काही गोंधळ दिसतोय?”

डॉक्टरीणबाई कागदावर वाकल्या. “हे सगळ्यात वर, मधोमध... ‘पाहुणे गेल्यावर सांगते’. हे काय आहे?”

मी पाहिलं. खरंच होतं! मी रंगाऱ्याकडे डोळे वटारले. तो पुटपुटला, “जसंच्या तसं!” साहेब माझ्याकडे बघत होते आणि मग रंगाऱ्याकडे बघू लागले. नोकरी हातातून सुटताना दिसली, तसं तोंड आपोआप चालू झालं.

“त्याचं काय आहे बाई, पाहुण्यांसमोर पेशंट काय म्हणतो? ‘बरं आहे!’ खरं दुखणं तो पाहुणे गेल्यावरच सांगतो.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

“वीस वर्षं मी हेच ओरडतेय! कुणीतरी ऐकलं एकदाचं!”

“पण पाहुणे गेले हे अ‍ॅपला कळणार कसं?” एकाने विचारलं.

“आणि गेलेच नाहीत तर?” दुसऱ्याने विचारलं. त्याच्या घरीही कुणीतरी आलेलं असावं.

तासभर चर्चा त्या एकाच चिठ्ठीवर! बाकीच्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सह्या झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. काय झालं ते मला कळलं नव्हतं, पण अभिनंदन मी घेतलं.

घरी आलो तेव्हा आत्या दुपारीच आपल्या घरी गेली होती. मी बायकोला गाठलं.

“आता सांग! काय सांगायचं होतं?”

“अरे, तुझ्या भिंतीवरची सगळ्यात वरची चिठ्ठी गळून पडली. आत्यांनी ती पुस्तकात खूण म्हणून घातली. त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? म्हणून त्याच जागी माझी चिठ्ठी लावली, तुला दिसेल म्हणून!”

“पण पडली ती कुठली?”

“मला काय माहीत? तुझ्या चिठ्ठ्यांबद्दल विचारायची सोय आहे का?”

मी आत्याला फोन लावला. “आत्या, तुझ्या पुस्तकातल्या खुणेवर काय लिहिलंय गं?”

पलीकडे पानं फडफडली.

“थांब हं, चष्मा लावते... ‘डॉक्टरांची वेळ घ्या’. का रे, घरात कुणाला बरं नाहीये का?”

मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

“मलाच, आत्या.”