तिसऱ्या छिद्रामागील तारेची हकीकत

श्री. वीज आणि तिला पोटात घेणारी भूमी, उभयतांस वंदन करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. उमेद नाही, परंतु दुसऱ्या कोणी लिहिले नाही.

त्या राज्यी विजेचे कारभारी यांणी हुकूम केला की, घरोघरी भिंतीतील प्लगाच्या तिसऱ्या छिद्रामागून तार जमिनीत न्यावी, म्हणजे यंत्राच्या पत्र्यास वीज उतरली तरी ती माणसास सोडून मातीत जाईल. आणि जेथे तार नाही तेथे चिठी डकवावी. कारागीर त्या तारेस 'अर्थ' म्हणत, म्हणून चिठीवर छापविले, 'येथे अर्थ नाही'. मग तपासनीस रघोजी गवाणे चिठ्या घेऊन विसाजीपंत ठोसरांचे घरी आले. पंतांनी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले होते. त्यांचे कुटुंब मथूताई यांस कपडे धुण्याच्या यंत्रास हात लाविता मुंग्या येत, आणि पंत म्हणत, वात आहे. रघोजींनी प्लग उघडिला, मागे तार नव्हती, आणि चिठी डकवून म्हणाले, "काकू, तार ओढेपर्यंत मशीन लावू नका."

पंत चिठी वाचून म्हणाले, "जन्मभर अर्थच सांगितला, आणि माझ्या घरात अर्थ नाही म्हणतोस?"

"काका, वरून छापून येतं ते मी चिकटवतो. अर्थ लावायला वेगळा माणूस असेल."

"राहू द्या हो," मथूताई म्हणाल्या, "त्यात खोटं काय आहे?"

हे शब्द पंतांस लागले. रघोजी गेल्यावर त्यांनी चिठी नखाने खरवडून काढिली, आणि तिसरे दिवशी कपड्यांचा ढीग पाहून म्हणाले, "लाव मशीन. कागदाला भिऊन संसार होतो का?" ताई दमल्या होत्या, आणि दमलेले मनुष्य वाद घालीत नाही. ओला हात पत्र्यास लागला आणि तेथेच धरला गेला. पंतांनी धावून मेन बंद केले, मग त्या फरशीवर कोसळल्या. प्राण राहिला, उजव्या हाताची बोटे मात्र वळेनाशी जाहली. मग रघोजींनी परत येऊन अंगणात खड्डा आखिला आणि पंतांनी स्वहस्ते खणिला, आणि मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा घालून तार पोहोचविली.

"आता लावू का मशीन?" ताईंनी पुसिले.

"मी लावतो," पंत म्हणाले.

सारांश, हुकुमाची तामिली जाहली. पंत रोज सकाळी कुटुंबाची वेणी घालितात. ती सैल पडते, दुपारी सुटते, आणि ताई पुन्हा पाठ करून बसतात. इतकेच घडले.