उत्तर उद्या

अंबादासमामांनी दार वाजवलं आणि आतून कुणी "कोन हाय?" असं विचारलं, की बाहेरून खणखणीत आवाज येई, "काटकोन!" मामा होतेही तसेच, ताठ. मी अंगानं सुटलेला म्हणून त्यांचा 'विशालकोन', आणि माझा बुटका दोस्त रफीक 'लघुकोन'.

चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही तिघं एकाच खात्यात. सकाळी पडेगावाहून कंपनीची बस निघाली, की मामा कोडं टाकत. मग कितीही हातापाया पडा, "उत्तर उद्या," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसत. त्यापायी कैकदा माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं होतं. "एकाचं नाव लघुतम, पर अंगानं मोठा. दुसऱ्याचं नाव महत्तम, पर अंगानं बारका. सांगा कोन?" दुसऱ्या दिवशी उत्तर ऐकून मी थक्क झालो. लसावि आणि मसावि! शाळेत दोघांना काढून काढून बोटं झिजली, पण ही गंमत कधी दिसली नव्हती. मामांना दिसायची. "बाकी काय, मामा?" म्हटलं तर म्हणत, "पुरा भाग गेला. बाकी उरली नाय." काय डोकं होतं! मला अजून नवल वाटतं.

मामा निवृत्त झाले त्या संध्याकाळी गळ्यात हार घालून बसमध्ये उभे राहिले आणि शेवटचं कोडं टाकलं. तेच, लघुतम आणि महत्तमाचं! अख्ख्या बसला उत्तर पाठ. रफीकनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याचा गुडघा दाबला. कुणी चकार शब्द काढला नाही. उतरताना मामा सवयीनं म्हणाले, "उत्तर उद्या." मग त्यांचं त्यांनाच आठवलं आणि ते पायरीवर घुटमळले. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. घरात बोलायला माणूस नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही आठ-दहाजण त्यांच्या दारात उभे. रफीकनं कडी वाजवली.

"कोन हाय?"

"सगळेच कोन हौ, मामा! कित्ता सोचे, जवाब निकलरा नई. तुम्हीच बोलो."

मामांनी दार उघडलं. एकेकाचं तोंड नीट न्याहाळलं. सगळं उमजलं त्यांना. सतरंजी अंथरली, चहाचं आधण ठेवलं.

"लई अवघड हाय ते," ते म्हणाले. "उत्तर पुढल्या रविवारी."

आणि या वेळी खिडकीबाहेर न बघता आमच्याकडे बघत बसले.