दहावा पट्टा

लोटन आबांच्या ओसरीवर गिरधर मास्तर पोह्यांची बशी घेऊन बसले होते. त्या घडीला त्यांनी तोंड फक्त पोह्यांसाठी उघडलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. मुलगी बघून झाली होती. आबांची प्रमिला मास्तरांना आवडली होती, इतकी की धुळ्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या माणसाने तिचं वय दोनदा विचारलं. होकार की नकार ते आबा उद्या सांगणार होते. तोवर गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण मास्तर लोकांना नेमकं तेच जमत नाही.

निमित्त झालं आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अभिमन नाना यांच्या भांडणाचं. पावसाळा सरला की भडगावजवळ गिरणेच्या पात्रात वाळू उघडी पडे. तिथे दोघं भाऊ टरबुजं लावत आणि कोणाचा अर्धा मोठा यावरून दरसाल एकमेकांचा उद्धार करत. वाळूची एक बाजू सरळ काठाला लागलेली, तर दुसरी पाण्याकडे पोट सुटल्यासारखी वळलेली. निम्मं करायचं तरी कसं?

"मी देतो की मोजून!" मास्तर बोलून गेले. "काठापासून पाण्यापर्यंत सारख्या रुंदीचे पट्टे पाडायचे, एकेकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. झाला अंदाज!"

"अंदाज? तो तं आम्ही बी करतस ना!" आबा म्हणाले.

"हा शास्त्रशुद्ध अंदाज आहे," मास्तर म्हणाले आणि उठलेच.

नदीत खुंट्या ठोकल्या गेल्या. आबांच्या पत्नी यशोदाबाई मागोमाग आल्या आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी प्रत्येक खुंटीला हळद-कुंकू वाहिलं. पट्टे झाले नऊ. मास्तरांनी पाण्याकडच्या खुंट्यांना दोरी बांधली, तेव्हा ती खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ ताणली गेली आणि वाळूचं पोट थोडं थोडं दोरीबाहेर राहिलं. अभिमन नाना जाऊन नेमके तिथेच उभे राहिले.

"मास्तर, मी कोना वाटामा उभा शे?"

"तेवढी चूक धरायची असते, नाना."

"मंग या चूकमा मी टरबूज लावू का? चांगली वाळू शे!"

मास्तरांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने सांगितलं, की याहून बारीक रीत आहे, सिम्पसनची. तीत शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांची जोडी लावून वरून वाकडी रेघ धरतात, म्हणजे पोट बाहेर राहत नाही.

"हाऊ सिम्पसन कोन शे? मामलेदार?" आबांनी विचारलं.

"विलायतेचा गणिती. वारून जमाना झाला."

"मंग त्याले गिरणानं काय म्हाईत?"

पण खरी अडचण पुढे होती. जोड्या लावायच्या तर पट्टे सम हवेत आणि इथे होते नऊ. "मंग नववा काढी टाका," आबा म्हणाले. "कोना वाटाना?" नाना गरजले. मास्तरांनी सगळ्या खुंट्या उपटून नव्याने ठोकायचं ठरवलं आणि पहिलीला हात घातला, तोच यशोदाबाई कडाडल्या, "हात लावू नका! हळद-कुंकू लायेल खुंटी शे. पीक निंघाशिवाय कोनी उपटत नही!"

आता एकच वाट उरली. नववा पट्टा संपे तिथे वाळूही संपत होती आणि पुढे पाणी होतं. "पाण्याखालीही वाळूच आहे," असं म्हणत मास्तरांनी धोतर खोचलं आणि दहाव्या पट्ट्याची खुंटी घेऊन ते गिरणेत शिरले. चार पावलांवर पाय सटकला. मास्तर गेले, टोपी गेली, वर राहिला फक्त खुंटी धरलेला हात. काठावर भाकरी घेऊन आलेली प्रमिला खो खो हसत सुटली. संपलं, मास्तरांनी पाण्यातच मनाशी म्हटलं, सोयरीक बुडाली.

तरी ओल्या कपड्यांनी कुडकुडत त्यांनी हिशेब पुरा केला. अर्ध्यावर रेघ पडली आणि दहावा पट्टा, म्हणजे शुद्ध पाणी, नानांच्या वाट्याला गेला.

"मी काय पानीमा मासा पेरू का?" नाना ओरडले. आबांनी आधी भावाकडे पाहिलं, मग थेंब गाळत उभ्या मास्तरांकडे पाहिलं आणि दोघंही भाऊ पोट धरून हसू लागले. बऱ्याच वर्षांनी दोघं असे एकत्र हसत होते. यंदा वाटणीच नको, टरबुजं भागीत लावू, असं तिथेच ठरलं.

मास्तर मान खाली घालून आपली पिशवी घ्यायला निघाले. कजगाव स्टेशनवरची धुळ्याकडची गाडी तरी चुकायला नको होती.

"कुठं चालनात?" आबांनी हाक मारली. "दहावा पट्टा तुमना, जवाईबापू! पव्हता येस ना?"

मास्तरांना कळेचना. तेव्हा यशोदाबाई पदराआड हसत म्हणाल्या, "पोर सांगस, मानूस पानीमा पडना, पन खुंटी त्यानी सोडी नही."

माघात लग्न झालं. त्याच सुमारास गिरणा आटली आणि दहावा पट्टा पाण्यातून वर आला. वाळू अशी ओलीगार, की प्रमिलाबाईंनी हौसेने लावलेल्या वेलांना चैत्रात एकेक टरबूज दोन हातांत मावेना. बातमी कळताच दोघं भाऊ वेलांभोवती घुटमळू लागले. पट्टा तसा आपलाच होता, असं आबा म्हणाले, आणि नानांना तो आपल्याच वाट्याचा असल्याचं आठवलं.

गिरधर मास्तरांनी शांतपणे दोरीचं भेंडोळं उचललं. "त्यात काय, आबा? मोजून देतो निम्मा-निम्मा."

"नको!" दोघं भाऊ एकदम ओरडले. "सारा पट्टा तुम्लेच ऱ्हाऊ द्या!"