दुरुस्तीचं बटन

तिरोड्यात कोणाचा कॉम्प्युटर नुसता शिंकला तरी आमचे शेजारी रहांगडाले भाऊ त्याचा अंत्यविधी करूनच उठत. माउस अडला? फॉरमॅट. प्रिंटर कागद गिळतो? फॉरमॅट. आमच्या शाळेत एकदा नुसती स्पीकरची वायर निघाली होती, तर भाऊंनी आधी फॉरमॅट मारला आणि मग वायर लावली.

"कायले चिंता करता जी, नवाकोरा होऊन जाते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. होणारच हो नवाकोरा! माझ्या पोरीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात स्वाहा झाले. मी बोंबललो, तर मलाच विचारतात, फोटो गेले, जावई तर जागेवर आहे ना? आता अशा माणसाशी काय भांडायचं, सांगा बाप्पा.

त्यांची फॉरमॅटची सीडी खणाच्या कापडात गुंडाळलेली असे. दसऱ्याला तिची पूजा होई. एका दसऱ्याला कुंकू चकचकीत बाजूलाच लागलं, तेव्हापासून ती घुरघुरायची. सीडी टाकली की निळा पडदा येई: नवं टाकायचं तर एंटर दाबा, जुनं दुरुस्त करायचं तर आर. भाऊंचं बोट वाचण्याआधीच एंटरवर पडे. आर कधी दाबता, असं मी एकदा विचारलं. दुरुस्तीत वेळ घालवायला आपण काय डॉक्टर आहोत, म्हणाले.

मग एका उन्हाळ्यात भरदुपारी सीडी घेऊन भाऊच माझ्या दारात. घरचा कॉम्प्युटर सुरू होईना. मी कित्येक वर्षं या दिवसाची वाट पाहत होतो. मारा की फॉरमॅट, म्हटलं.

भाऊ हसले नाहीत. "तिचा आवाज हाय त्यात, गुरुजी. दुसरीकडं कुठंच नाही."

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी धानाच्या रोवण्याचं गाणं म्हटलेलं, भाऊंनी माइक लावून भरून ठेवलेलं. मी चपला शोधायला लागलो.

"माह्या बोटाले एंटरची सवय हाय," भाऊ म्हणाले. "तुमी दाबा."

गेलो. सीडीवरचं कुंकू पुसलं. भाऊ उजवा हात मांडीखाली दाबून बसले. मी पडदा दोनदा वाचून आर दाबलं. पुढं जे जे विचारलं, ते दोघांनी अडखळत वाचत वाचत निस्तरलं. मशीन एकदाचं सुरू झालं.

भाऊंनी गाणं लावलं. दोन ओळी झाल्या, तिसरी अर्ध्यावर सोडून वहिनी म्हणाल्या, "बंद करा ना जी आता, भात करपून राहिला."

"करपू दे," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.