माळ्यावरचे बूट

"माझ्या दुकानातला बूट ज्वालामुखीलासुद्धा भीक घालणार नाही!" बूटवाल्या काकांनी टॅक्सीत बसता बसता जाहीर केलं. टॅक्सीवाला हसला. काकू मात्र पायांतल्या नव्या बुटांकडे कौतुकाने बघत होत्या.

नवे म्हणजे, कधी घातलेच नव्हते म्हणून नवे! नव्या नवरी होत्या तेव्हा काकूंनी एकच हट्ट केला होता: आपण दोघांनी त्या डोंगरावर जायचं आणि ज्वालामुखीच्या तोंडात डोकवायचं. काकांनी त्याच दिवशी दुकानातले सगळ्यात भारी दोन जोड माळ्यावर ठेवले. "सीझन संपला की जाऊ!" पण बुटांचा सीझन कसला संपतोय? शाळा झाल्या की लग्नं, लग्नं झाली की थंडी. एक दिवस शटर खाली ठेवलं, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल ही धास्ती. जोड माळ्यावरच राहिले आणि काकूंचे केस पांढरे झाले.

आज एकदाचे निघाले. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे थिजलेल्या लाव्ह्याचे काळे ढीग. पहिल्या थांब्यावर छोटीशी पायवाट होती. काका ऐटीत पुढे.

"अहो, तुमचा बूट बोलतोय."

"नवा आहे, करकरणारच!"

"करकरत नाही हो, तोंड उघडतोय!"

तळ अर्धा लोंबत होता. काकांनी तो रुमालाने बांधला. "इथले दगडच वाईट!"

दुसऱ्या थांब्यावर वाफा निघत होत्या आणि गंधकाचा वास नाकात बसत होता. तिथे काकूंचे दोन्ही तळ सुटले. "अगं, पाऊल टाकायची पद्धत असते! हे बघ, असं..." म्हणत काकांनी पाऊल उचललं. काका पुढे गेले, तळ रुमालासकट मागेच राहिला! दुसऱ्या पावलाला दुसरा!

काकांनी तुकडा उचलला. शिळ्या केकसारखा बोटांत चुरला. 'घेतलाय तर वापरा, ठेवून दिलेला बूट आतून मरतो,' असं ते गिऱ्हाइकांना रोज सांगत. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिसरा थांबा खुद्द ज्वालामुखीच्या तोंडाशी. वरची वाट सगळी धारदार खड्यांची. टॅक्सीवाल्याने पायातले सँडल काढून दिले. जोड एकच.

"दोघांनी बघायचं होतं ना?" काकू म्हणाल्या.

"जा गं तू. मी इथे बसतो."

मोठाले सँडल फटक फटक वाजवत काकू चढल्या. वर पोचल्यावर वळून त्यांनी हात हलवला. काका गाडीत मोजे घालून बसले होते. त्यांना फार वाईट वाटलं. एक दिवस थांबू शकलं नसतं, असं एकही गिऱ्हाईक त्यांना आठवेना.

काकू परत आल्या.

"कसं होतं?"

"हिरवंगार पाणी, त्यावर वाफ! मी पटकन म्हटलं, 'अहो, बघा ना!' तर शेजारचे कुणी गृहस्थ म्हणाले, 'हो हो, छान आहे.'"

"उद्या परत येऊ. दोघं," काका म्हणाले.

"आणि दुकान?"

"बंद!"

"आणि बूट?"

काका हळूच म्हणाले, "आपलं शटर उद्या बुटांसाठीसुद्धा उघडायचं नाही. समोरच्याकडून घेऊ."

"उद्या कुठले मिळायला?" काकू म्हणाल्या. "त्याची सुट्टी असते. दर आठवड्याला बायकोला घेऊन फिरायला जातो ना तो!"